खानदेशच्या उन्हात आणि वादळात टिकणारे छप्पर : घर व गोठ्यासाठी निवड
(दीपनगर परिसरातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दीपनगरकडे येताना लांबूनच दिसतात त्या वीज केंद्राच्या चिमण्या. त्या वादळात उभ्या राहतात याचे कोणाला नवल वाटत नाही. त्यांचा पाया किती खोल असेल याचा अंदाज प्रत्येकाला असतो. त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फेकरीपासून वरणगावापर्यंत जे गोठे, शेतघरे आणि दुकाने दिसतात, त्यांच्या पत्र्यांवर मात्र दगड ठेवलेले आहेत. कुठे विटा आहेत, कुठे मातीने भरलेल्या गोण्या आहेत, कुठे जुने टायर आहेत. आज मला या दगडांबद्दल बोलायचे आहे. दगड ठेवणाऱ्याला धोका कळलेला आहे, इलाज मात्र त्याने अपुरा केलेला आहे.

छप्पर कशाचे करावे असा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. विचारणाऱ्याला साधारणपणे एका शब्दात उत्तर हवे असते : पत्रा, कौल की स्लॅब. खानदेशात तसे उत्तर देता येत नाही, कारण आपल्या छपराला दोन शत्रू आहेत आणि त्यांच्या मागण्या एकमेकांच्या उलट आहेत. मार्चपासून जूनपर्यंत ऊन आहे. जळगाव, भुसावळ, रावेर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे ही नवी गोष्ट नाही. या उन्हाला जाड, जड छप्पर आवडत नाही. ते पातळ छपरातून सरळ खाली उतरते. त्याच मे महिन्यात दुपारनंतर ढग दाटतात आणि तासाभरात वावधन येते. रावेर, यावल, चोपडा भागातील केळीवाल्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. घडावर आलेली बाग अर्ध्या तासात आडवी झालेली त्यांनी पाहिलेली आहे. या वाऱ्याला हलके छप्पर आवडते, कारण ते उचलता येते. पावसाळा सुरू झाला की तिसरी गोष्ट सुरू होते. आठ आठ दिवसांची झड लागते, हवा दमट होते, लाकूड कुजते, लोखंड गंजते आणि उन्हाळ्यात मजबूत वाटलेला सांधा भाद्रपदात ढिला होतो.

आपल्या वाडवडिलांनी यावर काढलेले उत्तर म्हणजे धाबे. सागाचे खांब, त्यावर तुळया, त्यावर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर पाला आणि त्यावर खारवट पांढऱ्या मातीचा थर. आठ इंच मातीचे वजन एका चौरस मीटरला ३०० किलोच्या वर भरते. ते कोणत्याही वादळाने उडत नाही. आणि एवढ्या जाडीतून दुपारचे ऊन खाली पोचेपर्यंत संध्याकाळ उलटून जाते. म्हणूनच दुपारी धाब्याखाली झोप लागते, आणि रात्री तेच धाबे खोलीत ऊब सोडू लागले की आपण अंथरूण घेऊन धाब्यावर जातो. घराचा खालचा भाग दिवसाचा आणि वरचा भाग रात्रीचा, अशी ही सोय आहे. ती कोणा अभियंत्याने आखून दिलेली नव्हती.

माझे मत स्पष्ट सांगतो : ज्यांचे धाबे चांगल्या लाकडावर उभे आहे, त्यांनी केवळ लाज वाटते म्हणून ते पाडून पत्रे टाकू नयेत. परंतु धाब्याचे दोन धोके लक्षात ठेवले पाहिजेत. पहिला धोका पाण्याचा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आपण वरून नवी माती टाकतो, पण जुनी काढत नाही. वीस-तीस वर्षांत आठ इंचांचा थर दीड फुटावर जातो. त्यावर आठ दिवसांची झड बसली की भिजलेल्या मातीचे वजन आणखी वाढते, आणि भिंतीत गेलेले कडीचे टोक तोवर वाळवीने पोखरलेले असते. धाबी बहुधा वादळात पडत नाहीत, झडीत पडतात; आणि रात्री पडतात. दुसरा धोका भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जे घडले, त्यात हजारो माणसे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावरचे मातीचे जड माळवद यांच्याखाली सापडली. ती गोष्ट लांबची समजू नये. सातपुड्यातही १४ मार्च १९३८ रोजी मोठा भूकंप झालेला आहे.

म्हणून धाबे ठेवायचे असेल तर एकदा सगळी माती उतरवा. कड्यांची टोके टोच्याने टोचून पाहा. टोच्या सहज आत गेला तर ती कडी बदला. जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर फक्त चार इंच माती पन्हाळीकडे उतार देऊन पसरा. चार इंचांचे वजनसुद्धा चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर जाते. वाऱ्यासाठी ते भरपूर आहे. का, ते आता पत्र्याच्या हिशोबात कळेल.

आज आपल्याकडे नवीन गोठा किंवा शेतघर बांधणारा बहुतेक शेतकरी पत्राच घेतो. पत्रा स्वस्त आहे, लवकर बसतो, काढून दुसरीकडे नेता येतो. त्यात वाईट काही नाही. चूक होते ती वारा काय करतो हे समजून घेण्यात. आपल्याला वाटते, वारा पत्र्यावर आदळतो आणि त्याला ढकलतो. प्रत्यक्षात वारा छपरावरून वेगाने सरकतो तेव्हा तो पत्र्याला वर ओढतो. शेजारून मालमोटार जोरात गेली की अंगावरचा पंचा तिच्याकडे ओढला जातो, तसाच हा प्रकार आहे. त्यात गोठा तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडा असेल, तर उघड्या बाजूने शिरलेला वारा आत कोंडतो आणि खालूनही पत्र्याला रेटतो. छत्री खालून वारा भरल्यावर उलटी होते, ती याच कारणाने. वर ओढ आणि खालून रेटा, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात.

आता थोडा हिशोब करू. हिशोब ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. ताशी १०० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे ४७ किलोचा जोर लावतो. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा अर्धा मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा घ्या. त्याचे स्वतःचे वजन १२-१३ किलो भरते. त्याला वर उचलणारा जोर मात्र १३० किलोच्या आसपास जातो. म्हणजे पत्र्याच्या वजनाच्या दहापट. त्यावर तुम्ही २५ किलोची एक गोणी ठेवलीत, तरी नव्वद किलोवर ओढ शिल्लक राहते. दगडाचे तर नावच नको. पत्रा उचलला गेला की तो दगड खाली बांधलेल्या म्हशीच्या किंवा झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर हा जोर दुपटीने वाढत नाही, चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात दहा वर्षे तग धरलेले छप्पर १०० च्या वाऱ्यात एका झटक्यात जाते आणि आपण म्हणतो, “इतकी वर्षे काही झाले नव्हते.”

याच हिशोबात चार इंची धाबे बसवून पाहा. ओढ ४७ किलोची, वजन दीडशेच्या वर. म्हणून धाब्याला खिळा लागत नाही आणि पत्र्याला तो मोजून मारावा लागतो.

चाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अशा गोठ्याच्या सगळ्या छपराला मिळून ही ओढ साडेतीन हजार किलोवर जाते. गोठ्याला दहा खांब असतील, तर प्रत्येक खांबाला सुमारे ३५० किलोने जमिनीतून उपटण्याचा प्रयत्न होतो. आपण खांब कसा पुरतो? दीड फुटाचा खड्डा, त्यात दगड-गोटे आणि वरून माती. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खांबाभोवती बोटभर फट पडते आणि नेमके तेव्हाच वादळ येते. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा घेऊन तो काँक्रीटने भरला, तर त्या काँक्रीटचेच वजन ३८० किलोच्या आसपास होते. हिशोब जुळतो तो इथे. कोपऱ्यांवर आणि कडांना ओढ सरासरीच्या दुप्पटही असू शकते, म्हणून कोपऱ्याच्या चार खांबांना खड्डा आणखी मोठा घ्यावा. लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये नुसता उभा करू नये. त्याच्या खालच्या टोकाला सळईचा एक आडवा तुकडा वेल्डिंग करून घ्यावा, म्हणजे पाइप काँक्रीटमधून सुटून वर येणार नाही.

पत्र्यापासून जमिनीपर्यंत ही एक साखळी आहे. पत्रा आडव्या पाइपाला, आडवा पाइप कैचीला, कैची खांबाला आणि खांब पायाला धरून असतो. यातील जी कडी कच्ची, तिथे छप्पर तुटते. आम्ही वादळानंतर पाहणीला जातो तेव्हा अनेकदा पत्रे पाइपांना घट्ट चिकटलेलेच असतात; सगळा सांगाडा पत्र्यांसह उचलून शेजारच्या शेतात जाऊन पडलेला असतो. पत्रे बसवणाऱ्याने काम चोख केलेले असते, पण पाइप कैचीला केवळ तारेने बांधलेला असतो. तारेने बांधलेला सांधा वाऱ्याच्या झटक्यांनी दहा मिनिटांत सैल होतो. तिथे लोखंडी पट्टीचा क्लॅम्प आणि नट-बोल्ट हवा, किंवा नीट केलेले वेल्डिंग हवे. वेल्डिंगवर लगेच रंग दिला नाही, तर पहिल्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

भिंतीवर पत्रा टाकणाऱ्यांना वेगळी काळजी घ्यावी लागते. औष्णिक वीज केंद्रांतून निघणारी राख बांधकामात वापरली जावी यासाठी केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढली. राखेच्या विटा आकाराने सारख्या असतात आणि चांगल्या कारखान्याच्या असतील तर मजबूतही असतात. पण भिंत कितीही चांगली असली, तरी सर्वांत वरच्या दोन थरांत खोचलेला बोल्ट फक्त त्या दोन थरांनाच धरून असतो. वादळात पत्र्याबरोबर वरच्या विटाही जातात. यासाठी भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सळई घालून काँक्रीटचा सलग पट्टा टाकावा आणि छपराचे बोल्ट त्या पट्ट्यात आधीच रोवून ठेवावेत. कोपऱ्यांत आणि मध्ये मध्ये पट्ट्यापासून भिंतीतून खाली पायापर्यंत एकेक उभी सळई नेली, तर फारच उत्तम. हाच पट्टा भूकंपातही भिंतींना एकत्र धरून ठेवतो.

छपराच्या आकाराकडे आपण फारसे लक्ष देत नाही. आपल्याकडे एकपाखी, जवळजवळ सपाट गोठा करण्याची पद्धत पडली आहे, कारण त्याला कैची लागत नाही. वाऱ्याच्या दृष्टीने तो सर्वांत वाईट, त्यातही उंच बाजू उघडी असेल तर अधिकच. दुपाखी छप्पर करावे आणि वीस फूट रुंदीच्या गोठ्याला आढे वळचणीपेक्षा चार ते पाच फूट उंच ठेवावे. एवढ्या उतारावर ओढ बरीच कमी होते आणि पावसाचे पाणीही लवकर वाहून जाते. चौपाखी छप्पर त्याहून चांगले, पण त्यात कापाकापी अधिक आणि पत्रा वाया जातो. वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नये. सावलीसाठी पुढे पडवी हवी असेल तर तिचे छप्पर वेगळे करावे, म्हणजे गेली तरी पडवी जाईल, घर राहील.

वारा नेहमी पश्चिमेकडून येतो असे धरून बांधकाम करणारे बरेच आहेत. मोसमी वाऱ्याबाबत ते ठीक आहे. वळवाच्या वादळात वारा ढगाखालून खाली उतरतो आणि चहूकडे पसरतो. ढग जिकडे असेल तिकडून झोत येतो. आज पश्चिमेकडून आला, उद्या सातपुड्याच्या बाजूने येईल. म्हणून गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी ती सूर्यासाठी. वाऱ्यासाठी मात्र चारही बाजू सारख्याच मजबूत असाव्यात. केळीच्या बागेभोवती आपण शेवरी किंवा गजराज गवताची कड लावतो, तशी ती गोठ्यालाही लाभदायक असते. मात्र निंबाची किंवा चिंचेची जुनी फांदी छपरावर येऊ देऊ नये.

आता पत्रा प्रत्यक्ष घेताना काय पाहावे? दुकानात गेजमध्ये बोलतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. आपण मिलिमीटरमध्ये जाडी विचारावी आणि बिलावर लिहून घ्यावी. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा आपल्या वाऱ्यात बोल्टाभोवती फाटतो. दुसरी गोष्ट जस्ताच्या मुलाम्याची. एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम जस्त आहे हे पत्र्यावर किंवा कारखान्याच्या दाखल्यावर लिहिलेले असते. १२० ग्रॅमचा पत्रा आणि २७५ ग्रॅमचा पत्रा दुकानात सारखेच चमकतात, पण गोठ्यात मूत्र-शेणाची वाफ लागली की फरक दिसू लागतो. जस्त आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्र मुलामा असलेले पत्रे उघड्या जागी अधिक वर्षे टिकतात. पन्हळी पत्र्याला बोल्ट किंवा स्क्रू उंचवट्यावर मारावा, खोलगट भागात मारला तर तिथून पाणी गळते. मधल्या भागात एक उंचवटा सोडून एक चालेल. वळचण, आढे आणि दोन्ही टोके या ठिकाणी मात्र प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. छप्पर नेहमी कडेपासून उडायला सुरुवात होते. कडेचा एक पत्रा फडफडू लागतो, त्याची भोके मोठी होतात, तो सुटतो आणि त्याच्या जागेतून आत शिरलेला वारा उरलेल्यांना उचलतो. रबरी किंवा डांबरी वायसरवर रुपयाभर वाचवण्यात अर्थ नाही.

वाऱ्याचे झाले. आता उन्हाकडे वळू, कारण वादळ वर्षातून चार वेळा येते आणि ऊन चार महिने असते. मे महिन्यात दुपारी पत्र्याचे तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जाते. अशा पत्र्याखालची हवा तर तापतेच, शिवाय तो तापलेला पत्रा चुलीतल्या निखाऱ्यासारखी धग थेट खाली फेकत राहतो. म्हणून पत्र्याच्या घरात पंखा लावूनही बरे वाटत नाही. संकरित गायी आणि म्हशी या धगीने धापा टाकतात, चारा कमी खातात आणि दूध उतरते. आपण पशुखाद्य बदलून पाहतो. वर पाहत नाही. आणि ज्या भगिनी दुपारी पत्र्याखाली चुलीपुढे बसतात, त्यांच्याबद्दल तर कोणी हिशोबच मांडलेला नाही.

कोऱ्या पत्र्याबद्दल एक गैरसमज आहे. तो चमकतो, ऊन परतवतो, म्हणून तो थंड राहील असे वाटते. तो काही ऊन परतवतो हे खरे, पण जे ऊन त्यात शिरते ते बाहेर सोडण्यात कोरा धातू फार कंजूष असतो. त्यामुळे चकचकीत पत्राही हाताला चटका देतो, आणि गंजला की त्याहून तापतो. पांढरा रंग ऊन परतवतो आणि शिरलेली उष्णताही आकाशाकडे मोकळेपणाने सोडतो. म्हणून पत्र्याच्या वरच्या बाजूला पांढरा रंग हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पटकन गुण देणारा उपाय आहे. रंगीत पत्रा घ्यायचाच तर पांढरा किंवा फिकट घ्या. निळा आणि गर्द हिरवा शोभतो, पण तापतो. अगदी नव्या मुलाम्याच्या पत्र्यावर साधा रंग धरत नाही, पापुद्रे निघतात. जस्तासाठीचा खास प्रायमर आधी लावावा. जुना पत्रा असेल तर गंज घासून, प्रायमर देऊन मग रंग द्यावा.

स्लॅबच्या घराला वाऱ्याची भीती नाही, परंतु चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापून रात्रभर खाली धग टाकतो. धाब्याची जाडी त्याला नाही. तिथे चुना उत्तम काम करतो. भिजवून विझवलेली चुनकळी गाळून, त्यात थोडा चिकट पदार्थ मिसळून मार्चमध्ये दोन हात द्यावेत. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये. पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षीचे आहे. वर धूळ बसली की गुण कमी होतो, तेव्हा एप्रिलमध्ये एकदा झाडूनही घ्यावे. अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला. पुढे तिथे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेण्यात आले. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. शहरांना आता सुचते आहे ते, आपल्या आज्या चुन्याचा हात देत तेव्हा करत होत्या.

पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे. तट्टा आणि पत्रा यांत सहा इंच मोकळी जागा ठेवावी आणि दोन्ही टोकांना ती उघडी ठेवावी, म्हणजे तापलेली हवा वाहून जाईल. टोकांना जाळी लावावी, नाहीतर चिमण्यांपाठोपाठ उंदीर आणि उंदरांपाठोपाठ साप येतो. गोठ्याची वळचण निदान आठ फूट उंच असावी आणि आढ्याला हवा जायला फट असावी. तिच्यावर टोपीसारखा पत्रा ठेवावा, पण तो इतर पत्र्यांहून अधिक घट्ट बांधावा. काही शेतकरी पत्र्यावर तुराट्या किंवा कडबा पसरतात. गारवा उत्तम मिळतो. मात्र वरून जुनी नायलॉनची जाळी टाकून ती कैचीला बांधली नाही, तर पहिल्या वावधनात सगळे गावभर होते. चूल जवळ असेल तर हा उपाय करूच नये. आणि पाऊस बसला की काढून टाकावे, ओला पाला पत्रा खातो.

कौलांबद्दल थोडेच सांगतो. मंगलोरी कौल उन्हाला पत्र्यापेक्षा कितीतरी बरे, कारण कौलांच्या सांध्यांतून हवा खेळते. नंदुरबारकडच्या डोंगराळ भागात देशी कौलांची घरे अजून आहेत. पण कौल वजनाने बसलेले असते, बांधलेले नसते; वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळी तारेने बांधाव्यात. गारपिटीचा विचारही करावा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात झालेली गारपीट आपण विसरलेलो नाही.

मघाशी एका ताईंनी विचारले की त्यांच्या स्वयंपाकघरावर सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांनी आजार होतो का. सिमेंटच्या पत्र्यांत परंपरेने ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. राखही त्यात मिसळतात. हे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी कर्करोगही होऊ शकतो, ही गोष्ट सिद्ध झालेली आहे आणि अनेक देशांनी त्यांच्यावर बंदी घातलेली आहे. छपरावर अखंड बसलेला पत्रा आणि तुटलेला पत्रा यांत मात्र फरक आहे. तंतू सुटतात ते कापताना, भोक पाडताना, घासताना आणि फोडताना. म्हणून ताई, घाबरून तो पत्रा फोडू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, तुकडे अंगणात किंवा चुलीपाशी टाकू नका. वरून रंगाचा हात द्या. बदलायची वेळ येईल तेव्हा पाण्याने भिजवून, नाका-तोंडाला चांगला मास्क लावून, अखंड उतरवा. नवीन घ्यायचा असेल तर माझा सल्ला ॲस्बेस्टॉस नसलेल्या सिमेंट पत्र्याचा आहे. तसे पत्रे आता मिळतात. हे सर्व पत्रे ठिसूळ असतात, गारांनी तडकतात, हेही लक्षात असू द्या.

फोमचा थर मध्ये असलेले दुहेरी पत्रे आता बाजारात आले आहेत. उन्हाला ते फार चांगले आहेत. शीतगृहाला, केळी पॅकिंगच्या शेडला परवडतात. साध्या गोठ्याला परवडतीलच असे नाही. वजनाने तेही हलकेच, तेव्हा बांधणीचा सगळा हिशोब त्यांनाही लागू आहे.

सौर पॅनेलबद्दल सावध करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून घरांवर पॅनेल बसवण्याचे प्रमाण वाढले आहे. स्लॅबवर ते ठीक आहे. पत्र्याच्या शेडवर तिरपे उभे केलेले पॅनेल शिडासारखे वारा धरते. त्याचा सांगाडा पत्र्याला स्क्रू मारून बसवू नये, थेट कैचीला जोडावा. आणि कैची, खांब व पाया तो वाढीव जोर घेतील का, हे बसवणाऱ्याकडून आधी समजून घ्यावे. तो हात झटकेल, तर दुसऱ्याला बोलवावे.

हातात पैसा ठराविक असतो, तेव्हा कशात काटकसर करावी? छपराची रुंदी दोन फूट कमी करा, पण खड्डा कमी करू नका. पत्रा एकदम सगळा घेता येत नसेल तर या वर्षी निम्मा गोठा झाका. पायाचे काँक्रीट, क्लॅम्प, स्क्रू आणि वायसर यांचा खर्च आधी बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्या पैशांत पत्र्याची जाडी ठरवा. बहुतेक ठिकाणी हे उलटे होते. पत्र्याला सगळे पैसे जातात आणि मग तार आणि दगड उरतात.

ज्यांचे छप्पर आधीच तयार आहे, त्यांनी आखाजीच्या आधी एक दिवस त्यासाठी काढावा. लेकी माहेरी येण्यापूर्वी घर सारवतो, तेव्हाच हे करून घ्यावे. वळचणीचा प्रत्येक स्क्रू हाताने हलवून पाहावा. फाटलेल्या भोकावर मोठा वायसर टाकावा किंवा शेजारी नवीन स्क्रू मारून जुने भोक बुजवावे. खांबाभोवतीची माती भेगाळली असेल तर ओली करून धुमसावी. छपरावरचे दगड, टायर, मोडकी खाट, सगळे खाली उतरवावे. सुस्थितीतल्या छपराचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, नुकसान झाले तर पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात. वर चढायचे ते सकाळी नऊच्या आत. नंतर पत्र्यावर हात टेकवत नाही. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो खाली आधार नसलेल्या जागी अचानक फुटतो. दोन पाइपांवर टेकेल अशी लांब फळी टाका आणि फळीवरूनच चाला.